वसंतातली रानटर्की आणि तिचा नर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या मधल्या डोंगराळ भागात राहतो. मे महिना लागला की पहाटे पावणेचारला उठायचं, थर्मास भरायचा आणि अंधारातच रानटर्कीच्या शिकारीसाठी गाडी काढायची, हा माझा उद्योग आता आमच्या मंडळात सगळ्यांना ठाऊक झालाय. गणपतीत, हळदीकुंकवाला, कुणाच्या मुंजीत, कुठेही भेटलो की तेच तेच प्रश्न. निम्मे कुतूहलाने, निम्मे नाक मुरडून. दोन्ही मंडळींसाठी एकदाच लिहून ठेवतो.

थँक्सगिव्हिंगला ओव्हनमध्ये जाते तीच ना ही?

जात तीच, पण दोघींना शेजारी उभं केलं तर विश्वास बसणार नाही. दुकानातली पांढरी, रुंद छातीची टर्की माणसाने घडवलेली आहे. ती उडू शकत नाही. नर तर इतका जड की नैसर्गिक मीलनही जमत नाही, कृत्रिम रेतनच करावं लागतं. रानातली टर्की सडपातळ, लांब तंगड्यांची, आणि ऊन पडलं की घासलेल्या तांब्याच्या घंगाळासारखी झळाळणारी. ताशी चाळीस किलोमीटरने पळते, रात्री उंच झाडावर झोपते. पूर्ण वाढलेला नर आठ ते दहा किलोचा भरतो.

पाळीव टर्कीचे पूर्वज मेक्सिकोतले. स्पॅनिश लोकांनी त्यांना युरोपात नेलं, आणि पुढे वसाहतवाल्यांनी तीच पाळीव पाखरं जहाजात घालून पुन्हा अमेरिकेत आणली. तेव्हा इथल्या जंगलात त्यांचीच चुलत भावंडं हजारोंनी हिंडत होती.

शिकार वसंतातच का? आणि नराचीच का?

काही राज्यांत शरद ऋतूतही असते, पण तो वेगळा खेळ आहे. वसंत हा विणीचा हंगाम. टर्कीचा नर अनेक माद्यांशी जोडी करतो आणि नंतर घराकडे ढुंकूनही बघत नाही. घरटं, दहा-बारा अंडी, अठ्ठावीस दिवसांचं उबवणं, पिल्लं सांभाळणं, सगळं मादीच्या गळ्यात. त्यामुळे जोड्या जमून गेल्यावर काही नर कमी झाले तरी पुढच्या पिढीला फारसा धक्का लागत नाही. मोसमाच्या तारखा याच हिशेबाने ठरतात. पेनसिल्व्हेनियात तो साधारण एप्रिल-मेच्या सांध्यावरच्या शनिवारी सुरू होतो आणि मेअखेर संपतो.

कायद्याची भाषा मात्र ‘नर’ अशी नसते, ‘दाढीवाला पक्षी’ अशी असते. दाढी म्हणजे छातीतून लोंबणारा, घोड्याच्या शेपटीसारखा राठ केसांचा झुपका. गंमत अशी की साधारण दहातल्या एखाद्या मादीलाही दाढी असते. तीही कायद्यात बसते. मी मारत नाही.

गॉबलर, टॉम, जेक... ही काय भानगड आहे?

गॉबलर आणि टॉम म्हणजे पूर्ण वाढलेला नर. जेक म्हणजे एका वर्षाचा पोरगा. ओळखायची सोपी खूण शेपटीत: गॉबलरने पिसारा उघडला की सगळी पिसं एका रेषेत, पंख्यासारखी, जेकची मधली काही पिसं बाकीच्यांपेक्षा लांब, म्हणजे पंख्याच्या मधोमध एक उंचवटा. जेकची दाढी बोटभर, पायामागचा काटा नुसती गाठ. काटा एक इंचाच्या पुढे गेला की पक्षी तीन वर्षांचा किंवा त्याहून मोठा समजायचा.

जेक तीन-चारच्या टोळीने हिंडतात, बसस्टॉपवरच्या पोरांसारखे. आवाज देतात, पण मध्येच चिरकतो.

पहाटे जंगलात नेमकं होतं काय?

हेच तर बघायला जायचं. टर्की संध्याकाळी झाडावर चढतात आणि उजाडल्यावर उतरतात. आदल्या संध्याकाळी त्यांचा रातथारा हेरून ठेवला असेल तर निम्मं काम झालं. मी त्या झाडापासून शंभर-दीडशे पावलांवर, अंधार असतानाच, एखाद्या जाड बुंध्याला टेकून बसतो. पाचच्या सुमाराला थोडं फटफटतं. आधी रॉबिन पक्षी बोलतो. मग दरीतून घुबड. इथलं बार्ड आऊल जातीचं घुबड आठ सुरांत घुमतं, आणि ते थांबायच्या आत वरून एक गडगडाट कोसळतो: गॉबल! दगडांनी भरलेलं पिंप उतारावर सोडावं तसा आवाज. पहिल्या वेळी माझ्या हातातला थर्मासचा कप सांडला होता.

याला ‘शॉक गॉबल’ म्हणतात. वसंतातला नर इतका तापलेला असतो की कोणत्याही मोठ्या आवाजाला उत्तर देऊन मोकळा होतो. घुबड, कावळा, ढगांचा गडगडाट, गाडीचं धाडकन लावलेलं दार, सगळं चालतं. म्हणून शिकारी तोंडाने घुबडाचा आवाज काढून नर कुठे बसलाय ते हुडकतात.

मग झाडावरच्या माद्या हळू आवाजात कुजबुजायला लागतात. नर फांदीवरच पिसारा फुलवतो. बऱ्यापैकी दिसायला लागलं की पंखांचा फडफडाट होतो आणि एकेक पक्षी धप्पकन खाली उतरतो. आणि इथे नवशिक्याची निराशा सुरू होते, कारण जमिनीवर उतरल्यावर नर अचानक गप्प होतो. पळून गेलेला नसतो. त्याच्या माद्या समोर आहेत, ओरडायचं कशाला?

साडेआठ-नऊनंतर एकेक मादी अंडी घालायला घरट्याकडे सटकते. नर एकटा पडतो. पहाटेचे सगळे शिकारी तोवर नाश्त्याला गेलेले असतात. माझे चांगले तास म्हणावेत ते बहुतेक साडेनऊ ते अकरा या वेळातलेच.

पिसारा फुलवल्यावर तो मोरासारखा नाचतो का?

नाचत नाही, मिरवतो. मोर आणि टर्की एकाच कुळातले, पण मोराचा थाट उभा असतो, याचा गोल. शेपटी पंख्यासारखी उघडते, पाठीची पिसं उभी राहून पक्षी दुप्पट दिसतो, मान आत खेचली जाते, पंखांची टोकं जमिनीला घासत दोन-चार पावलं टाकतो आणि थबकतो. मऊ मातीत पंख घासल्याच्या समांतर रेषा उमटतात. अशी जागा सापडली की समजायचं, साहेबांचा रोजचा रंगमंच हाच.

मिरवताना दोन आवाज येतात. आधी ‘च्छप्’ असा छोटा फुत्कार आणि लगेच ‘डूऽऽम’ असा घुमार, दूरवर ट्रक सुरू व्हावा तसा. तो कानापेक्षा छातीत जास्त जाणवतो. ऐकू आला तर हलू नका, पक्षी अगदी जवळ आहे.

खरी कमाल डोक्याची. तिथे पिसं नाहीत, नुसती कातडी, आणि तिचा रंग मनःस्थितीप्रमाणे पालटतो. पूर्ण रंगात आला की टाळू पांढरीफेक, गाल निळे, मान लालभडक. चोचीवर एक मांसल लोंबती सोंड असते, तिला स्नूड म्हणतात. मिरवताना ती लांबून चोचीखाली येते; भ्याला की आखडून छोट्या शिंगासारखी उभी राहते. लांब सोंडेचे नर माद्यांना जास्त पसंत पडतात, असं अभ्यासात दिसलं आहे.

हे निरीक्षण करणारे आपण पहिले नाही. १६१२ साली सरदार मुकर्रबखानाने गोव्याहून, पोर्तुगीजांकडून, काही अजब प्राणी-पक्षी आणून जहांगीर बादशहापुढे ठेवले. त्यात एक टर्कीचा नर होता. बादशहाने आपल्या आठवणींत त्याच्या डोक्याचं पोवळ्यासारखं लाल होणं, कापसासारखं पांढरं होणं, मध्येच फिरोजी दिसणं हे सगळं टिपलं आहे. चोचीवरचं मांस कधी हत्तीच्या सोंडेसारखं लोंबतं आणि कधी गेंड्याच्या शिंगासारखं उभं राहतं, हेही. मन्सूर या चित्रकाराकडून त्याने चित्रही काढून घेतलं; ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. चारशे वर्षांपूर्वी, एकच पक्षी समोर असताना केलेली ही नोंद आजच्या बऱ्याच शिकाऱ्यांच्या वहीपेक्षा चोख आहे.

मी हाक दिली, त्याने दहादा उत्तर दिलं, पण आलाच नाही. माझं काय चुकलं?

बहुधा काहीच नाही. टर्कीच्या जगात नियम असा की नर आवाज देतो आणि मादी त्याच्याकडे चालत जाते. आपण मादीचा आवाज काढून त्याला उलट बोलावतो, म्हणजे नवरदेवाला वरात सोडून मुलीच्या बिऱ्हाडी ये म्हणून सांगण्यासारखं आहे. तो साठ-सत्तर यार्डांवर येऊन थांबतो, पिसारा फुलवतो आणि वाट बघतो. ‘मी इथवर आलो, आता तू ये.’ इथले लोक याला ‘हँग अप’ झाला म्हणतात.

कधी मध्ये ओढा, तारेचं कुंपण किंवा पडलेलं झाड असतं. उडून सहज ओलांडेल, पण नाही ओलांडणार. कधी त्या भागात त्याच्यापेक्षा दांडगा नर असतो आणि मागच्या आठवड्यात खाल्लेला मार आठवत असतो. कधी त्याच्यासोबत खऱ्या माद्या असतात. मग त्यांना डिवचायचं. म्होरक्या मादीचा आवाज तिच्याच ठेक्यात, तिला मध्येच तोडत परतवायचा. ती भांडायला येते, मागून तो येतो.

आणि पुष्कळदा औषध एकच: गप्प बसणं. माझ्या शेजारच्या आजोबांनी, त्यांनी साठ वसंत जंगलात काढले होते, मला पहिल्या वर्षी हाक मारायचं यंत्र खिशात ठेवून अर्धा तास घड्याळ बघायला लावलं. अठ्ठाविसाव्या मिनिटाला नर माझ्या डाव्या खांद्यामागून, काही आवाज न करता, आला. मी वळलो. तो गेला. आजोबा एवढंच म्हणाले, “दोन मिनिटं राहिली होती.”

हाक काढायची कशी?

तीन साधनं पुरेत. बॉक्स कॉल म्हणजे लाकडाची लांबट डबी, वर दांडीचं झाकण. झाकणाला खडू लावून कडेवर घासायचं. त्याचं एक पेटंट आर्कान्सातल्या गिब्सन नावाच्या माणसाने १८९७ साली घेतलं, आणि मूळ घडण अजून तीच आहे. दुसरं साधन स्लेट: वाटीएवढी पाटी आणि लाकडी काडी. लहानपणी पाटीवर पेन्सिल कर्रकन वाजवून मार खाल्ला असेल तर हात आधीच बसलेला आहे. तिसरं डायाफ्राम, टाळूला चिकटवायची रबराची पातळ पट्टी. हात मोकळे राहतात, पण शिकेपर्यंत घरचे लोक बाहेर काढतात.

सुरुवातीला ‘याउक-याउक-याउक’ अशी पाच-सात सुरांची साधी हाक आणि अधूनमधून एखादं ‘टक्’ एवढं आलं तरी चालतं. सुरापेक्षा ठेका महत्त्वाचा. खरी मादीही पुष्कळदा बेसूर असते. ‘पट्’ असा तुटक, कडक आवाज मात्र चुकूनही काढू नका, तो धोक्याचा इशारा आहे.

आपल्याकडे फासेपारधी पिंजऱ्यातल्या पाळीव तित्तराच्या आवाजावर रानातले तित्तर बोलावत. तत्त्व तेच.

लपायचं कसं? वास येतो का त्यांना?

वासाचं नाक जवळजवळ नाहीच. पण डोळे! डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे मान जराशी वळवली की चहूकडचं दिसतं. रंग दिसतात, आपल्याला न दिसणारे अतिनील किरणही दिसतात. म्हणून चेहरा झाकायची जाळी, हातमोजे, पानापानांचे कपडे. तरी कपड्यांपेक्षा स्थिर बसणं मोलाचं. नाकावर डास बसला तर बसू द्या.

नर त्या भागात आहेत हे आधी कसं कळणार?

खाली बघत चाला. छातीच्या पिसाचं टोक काळं असेल तर नराचं, पिवळसर तपकिरी असेल तर मादीचं. नराची विष्ठा लांब, टोकाला इंग्रजी ‘जे’सारखी वळलेली, मादीची गोळा किंवा वळकटी. चार इंचांहून मोठं पाऊल बहुधा नराचं. ओकच्या झाडाखाली पालापाचोळा उकरून बाजूला फेकलेला दिसला की कळप एकॉर्न, म्हणजे ओकची फळं, शोधत गेलाय.

बंदूक कोणती?

आपल्या भाषेत बारा बोअर. वीस बोअरही चालते. छर्ऱ्याची काडतुसं, नळीच्या तोंडाला घट्ट चोक (छर्रे फार पसरू न देणारं अरुंद तोंड), नेम डोकं आणि मान यांवर, अंतर चाळीस यार्डांच्या आत. आधी कागदावर मारून छर्रे कसे पसरतात ते पाहा. पेनसिल्व्हेनियात वसंतात टर्कीसाठी रायफल चालत नाही, आणि आवाजाच्या दिशेने दबकत जाऊन मारणंही बेकायदा आहे. बसून बोलवायचं, एवढंच.

मी एच-वनबीवर (नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर) आहे. बंदूक हातात घेतली तर अडचण येईल का?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो आणि इथे थट्टा नाही. केंद्रीय कायद्याने बिगरस्थलांतरित व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतूसही जवळ बाळगायला मनाई आहे. राज्याने दिलेला वैध शिकार परवाना हा त्यातला एक अपवाद. म्हणजे आधी शिकार-प्रशिक्षणाचा वर्ग, मग परवाना, आणि मगच बंदुकीला हात. मित्राची ‘जरा धरून बघ’ म्हणून दिलेलीसुद्धा नको. परवान्याची मुदत संपली की अपवादही संपतो. राज्याचे नियम वेगळे असतात, तेव्हा व्हिसाच्या वकिलाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका. ग्रीन कार्डवाल्यांना ही मनाई लागू नाही.

धोका कितपत?

मोठा धोका पक्ष्याकडून नसतो, दुसऱ्या शिकाऱ्याकडून असतो. तुम्ही मादीचा आवाज काढताय, झुडपात लपलाय, आणि पलीकडे कुणीतरी तापलेल्या डोक्याने तोच आवाज ऐकतोय. म्हणून लाल, पांढरं आणि निळं काहीही अंगावर नको, ते नराच्या डोक्याचे रंग आहेत. मोजे आणि खिशातला रुमालसुद्धा तपासा. खांद्यांपेक्षा रुंद बुंध्याला पाठ लावून बसा. माणूस येताना दिसला तर हात हलवू नका, खणखणीत आवाजात बोला. चालताना भगवी-नारिंगी टोपी घाला.

दुसरा धोका गोचीड. इथे गोचीड चावून होणारा लाइम रोग घरोघरी माहीत आहे. कपड्यांना आदल्या दिवशी परमेथ्रिन हे कीटकनाशक मारून वाळवा, अंगाला नाही. पँट मोज्यांत खोचा. घरी आल्यावर काखा, जांघा, कानामागे बघा.

एवढ्या देखण्या पक्ष्याला मारवतं कसं?

दरवेळी हात जड होतो, आणि तो हलका झाला तर मी जाणं थांबवेन. पण थोडा इतिहासही ऐका. बेसुमार शिकार आणि जंगलतोड यांमुळे १९२०च्या सुमारास रानटर्की आपल्या मूळच्या ३९ राज्यांपैकी १८ राज्यांतून नाहीशी झाली होती. मग कोंबड्यांसारख्या पाळून जंगलात सोडायचा प्रयोग कित्येक वर्षं चालला आणि फसला. खुराड्यात वाढलेल्या पिल्लाला ससाण्याची सावली कोण शिकवणार? उपाय सापडला तो १९५१ साली दक्षिण कॅरोलिनात, जेव्हा तोफेसारख्या नळ्यांनी उडवायचं जाळं टर्कीच्या कळपावर टाकण्यात आलं. अस्सल रानातले पक्षी धरायचे आणि रिकाम्या जंगलात नेऊन सोडायचे. आज अलास्का सोडून सगळ्या राज्यांत मिळून साठ लाखांच्या आसपास टर्की आहेत. या कामाला मोठा पैसा मिळाला तो परवान्यांच्या फीमधून आणि १९३७च्या कायद्याने वन्यजीवांसाठी राखून ठेवलेल्या बंदुका-काडतुसांवरच्या करातून.

सगळं गोड नाही. आग्नेयेकडच्या राज्यांत अलीकडे पिल्लं कमी जगतात. टेनेसीने २०२३ पासून मोसम दोन आठवडे पुढे ढकलला, माद्यांना आधी निवांत जोडी करता यावी म्हणून. माझ्या मते तो निर्णय बरोबर आहे, शिकाऱ्यांनी कितीही कुरकुर केली तरी.

बंदूक नको, नुसतं बघायचं आहे. कुठे जाऊ?

बॉस्टनच्या उपनगरात असाल तर कुठेही नको, त्याच तुमच्या पार्किंगमध्ये येतील. मॅसॅच्युसेट्समधून टर्की पार संपली होती. १९७२-७३ मध्ये न्यूयॉर्कहून आणलेले ३७ पक्षी बर्कशायरच्या डोंगरात सोडले, आणि त्यांचा वंश आता बॉस्टनजवळच्या ब्रुकलाइनच्या फुटपाथवर लोकांच्या मागे लागतो. त्यांना खायला घालू नका. गाडीच्या चकचकीत दारात स्वतःचं प्रतिबिंब बघून नर टोचा मारत असेल तर दारावर चादर टाका. अंगावर आला तर मागे सरकू नका, झाडू उगारा किंवा पाण्याचा फवारा मारा. तुम्ही एकदा पळालात की त्याच्या लेखी उतरंडीत तुमची पायरी खालची.

बाकी ठिकाणी पहाटे दुर्बीण घेऊन कुरणाच्या कडेला बसा. भाऊ-भाऊ मिळून मिरवताना दिसले तर नीट बघा. कॅलिफोर्नियातल्या रिओ ग्रँड या उपजातीच्या टर्कींवर झालेल्या अभ्यासात आढळलं की जोडी जमते फक्त म्होरक्या भावाची. बाकीचे नुसते शेजारी पिसारा फुलवून त्याचं वजन वाढवतात. वंश शेवटी घरचाच.

शिजवायची कशी?

छातीचं मांस रात्रभर मिठाच्या पाण्यात, दुसऱ्या दिवशी आलं-लसूण-दही लावून मंद आचेवर. तंगड्यांत काडीसारखे कडक स्नायुबंध असतात, त्या ओव्हनमध्ये घालणारे लोक नंतर दोष पक्ष्याला देतात. प्रेशर कुकरमध्ये सात-आठ शिट्ट्या, मग हाडं-काड्या वेचून भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याच्या वाटणात सुकं करा. छर्रे शोधून काढा, दाताखाली आला तर दंतवैद्याचं बिल परवान्यापेक्षा मोठं असतं.

दरवर्षी मिळते का तुला?

नाही. अकरा वसंतांत चार. गेल्या मेमध्ये पहिल्या आठवड्यात एक नर सलग पाच दिवस त्याच ओढ्यापलीकडे मिरवत राहिला. आमच्याकडे मोसमाच्या पूर्वार्धात दुपारी बारालाच शिकार थांबवायची असते. सहाव्या दिवशी मी ओढा ओलांडून अंधारातच त्याच्या रंगमंचाशेजारी जाऊन बसलो. सकाळभर एक शब्द नाही. बाराला काडतुसं काढून खिशात टाकली, थर्मास बंद केला, उठलो. बारा वाजून सात मिनिटांनी गॉबल आला, ओढ्याच्या अलीकडून, माझ्या रोजच्या झाडापासून.